गळीत हंगामात गाडीबैलांना वेदनाशामक देताना: गिधाडांच्या दृष्टीने घ्यावयाची खबरदारी

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी भागात ऊसतोड सुरू झाली की जुवाच्या घासण्याने गाडीबैलांना खांदेसूज येते, डांबरी रस्त्यावर खूर दुखावतात, आणि खेप चुकू नये म्हणून वेदनाशामक इंजेक्शन देण्याकडे कल वाढतो. नेमक्या याच दिवसांत, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, गिधाडांची वीण चालते. मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि नर-मादी दोघे मिळून पिल्लाला भरवतात. त्यामुळे या काळात एक पक्षी विषारी मांस खाऊन मेला, तर मागे राहिलेले पिल्लू जगण्याची आशा फार थोडी उरते.

डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिल्यानंतर दोन-तीन दिवसांत दगावलेल्या जनावराच्या मांसात, विशेषतः यकृतात (काळजात) आणि मूत्रपिंडात, ते औषध शिल्लक असते. असे मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, शरीरात युरिक आम्ल साठते आणि पक्षी थोड्याच दिवसांत मरतो. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मृत जनावरांपैकी शंभरात एकापेक्षाही कमी जनावरांत हे औषध असले, तरी एवढा ऱ्हास घडू शकतो, हे अभ्यासकांनी गणिताने दाखवले आहे. म्हणूनच ‘माझ्या एका बैलाने काय होणार’ हा विचार येथे लागू पडत नाही.

गिधाडांना घातक म्हणून जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये, किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये आणि निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस बंदी आली. ही बंदी देशभर असल्याने औषध सीमेपलीकडे गडहिंग्लज किंवा कोल्हापुरातून आणले तरी नियम तोच राहतो. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकची कुपी २०१५ पासून ३ मिलिलीटरपेक्षा मोठी विकता येत नाही. तेव्हा गोठ्यात कोणी अशा पाच-सहा कुप्या फोडून एकाच सिरिंजमध्ये भरू लागला, तर ते माणसांचे औषध आहे हे ओळखावे आणि त्याला तिथेच थांबवावे. कुपीवरचे नाव बहुधा बारीक इंग्रजी अक्षरांत असते. घरातल्या शिकत्या मुलाकडून ते सुई टोचण्यापूर्वी वाचून घ्यावे. डॉक्टरांकडे मेलोक्सिकॅम नाव घेऊन मागावे. दुखणे व सूज दोन्हींवर ते गुणकारी आहे आणि गिधाडांना त्यापासून अपाय होत नाही. टोल्फेनॅमिक आम्ल हाही सुरक्षित पर्याय आहे. फ्लुनिक्सिन मात्र टाळावे. मात्रा पशुवैद्यांनीच ठरवावी. त्यांच्यापर्यंत पोहोचणे शक्य नसल्यास १९६२ या क्रमांकावर फोन करावा. शिवाय खांदेसुजेवर खरा उपाय विश्रांतीचा आहे. सुजलेल्या मानेवर औषधाच्या जोरावर पुन्हा जू ठेवले, तर जखम चिघळते आणि बैल महिनाभर बसतो.

जनावर दगावल्यास शेवटच्या आठवड्यात त्याला काय टोचले होते, ते प्रथम आठवावे. औषधाचे नाव माहीत नसेल किंवा ते वरीलपैकी घातक असेल, तर प्रेत गावाबाहेरच्या माळावर टाकू नये. विहीर व ओढ्यापासून दूर सहा फूट खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. नाकातोंडातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल, तर फाशी रोगाची शक्यता असते. अशा प्रेताची चिरफाड मुळीच करू नये, कातडेही काढू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला तातडीने कळवावे.

रानडुक्कर किंवा मोकाट कुत्र्यांच्या त्रासाने वैतागून मेलेल्या जनावरावर फ्युराडान किंवा तत्सम कीटकनाशक टाकण्याचा प्रकार काही ठिकाणी घडतो. खानापूरच्या जंगलपट्टीत उसाचे आणि भाताचे किती नुकसान होते, हे आम्ही जाणतो. परंतु गिधाडे एका प्रेतावर थव्याने उतरतात, त्यामुळे अशा एका प्रेताने संपूर्ण थवा संपतो. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हा गंभीर गुन्हा आहे. पिकाच्या नुकसानीसाठी वन खात्याकडे भरपाईचा अर्ज करावा.

बांधावरच्या उंच आंब्यावर किंवा पिंपळावर काटक्यांचे मोठे घरटे दिसल्यास निदान उन्हाळा सरेपर्यंत ते झाड तोडू नये. मान खाली टाकून तासन्‌तास बसलेले, माणूस जवळ गेला तरी न उडणारे गिधाड आढळल्यास त्याला अन्न किंवा पाणी पाजण्याचा प्रयत्न करू नये; कुत्री व पोरे दूर ठेवावीत आणि जवळच्या वनरक्षकाला जागा नीट समजावून सांगावी. पक्षी मेलेला असल्यास तो पुरू नये, कारण मृत्यूचे कारण त्याच्या मूत्रपिंडाच्या व इतर अवयवांच्या तपासणीतून कळते.