रेडिओग्राफरने रोजच्या कामातून हात कसा पक्का करावा

पहिल्या दोन वर्षांत रेडिओग्राफरच्या, म्हणजे एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या, हाताला वेग येतो. छातीचा पीए (किरण मागून पुढे), मनगटाचा एपी (पुढून मागे), गुडघ्याचा लॅटरल (बाजूने) न अडखळता निघू लागतात, आणि नेमका तिथेच बऱ्याच जणांचा अभ्यास थांबतो. त्यानंतरची वर्षं माणसागणिक वेगळी जातात. आपलं कुठे चुकलं हे ज्याला कळत राहतं त्याचा हात सुधारतो. ज्याला कळत नाही त्याच्या चुकांच्या सवयी होतात, आणि वय वाढलं की त्या सवयींना कुणी हटकतही नाही. म्हणून चूक रोज दिसेल अशी सोय स्वतःच लावून घ्यावी लागते.

एक्सपोजरपासून, म्हणजे किरण किती दिले यापासून, सुरुवात करा, कारण डिजिटलमध्ये ही चूक सगळ्यात छान लपते. जुन्या फिल्मवर जास्त एक्सपोजर गेलं की फिल्म काळी पडायची. आता सॉफ्टवेअर उजेड जुळवून घेतं. एमएएस (ट्यूबचा करंट गुणिले वेळ, म्हणजे किरणांचं प्रमाण) कमी पडला तर चित्रात दाणे दिसतात आणि रेडिओलॉजिस्टचा फोन येतो. जास्त झाला तर चित्र आणखी गुळगुळीत येतं आणि कुणीच काही बोलत नाही. एकदा फोन आला की माणूस पुढच्या वेळी थोडं वाढवूनच देतो. असं करत करत वर्षा-दोन वर्षांत डोस कुठल्या कुठे जातो. याला उतारा एकच: प्रत्येक एक्सपोजरनंतर डेव्हिएशन इंडेक्स (ठरवलेल्या एक्सपोजरपासून किती फरक पडला ते सांगणारा आकडा) बघणं. शून्य म्हणजे ठरवल्याइतकं एक्सपोजर, +३ म्हणजे दुप्पट, −३ म्हणजे निम्मं. +१ म्हणजे साधारण २५ टक्के जास्त. एखाद्या फिल्मला +२ आला तर फार बिघडलं नाही, पण एकाच तपासणीला आठवडाभर +२ येत असेल तर टेक्निक चार्ट (कुठल्या तपासणीला किती एक्सपोजर द्यायचं त्याचा तक्ता) चुकलाय. आणि +३ आला म्हणून रिपीट करू नका! चित्र वाचता येत असेल तर रिपीटने डोस वाढेल, दुसरं काही हाती लागणार नाही. मात्र कोलिमेशन (किरणांची चौकट) ढिलं असेल, किंवा भागात इम्प्लांट असेल, तर हा आकडाही फसवतो. त्यामुळे आकडा आणि चित्र दोन्ही बघायचं.

ऑटो एक्सपोजरवर (पुरेसे किरण पोचले की मशीन आपोआप बंद होतं) काम करणाऱ्यांनी चेंबर, म्हणजे किरण मोजणारा भाग, कुठे येतोय तेवढं डोक्यात ठेवावं. कमरेच्या लॅटरलला सेंटरिंग पाठीकडे सरकलं की चेंबरवर थेट किरण पडतात, मशीन लवकर बंद होतं आणि चित्र दाणेदार येतं. चेंबरसमोर धातूचा सांधा आला तर उलट, एक्सपोजर लांबतं. अशा रुग्णाला मॅन्युअल द्यावं.

रिजेक्टची वही

विभागात एकूण रिजेक्ट (बाद झालेल्या फिल्म) किती टक्के याचा अहवाल निघतो. साधारण ८ टक्क्यांच्या आसपास ठेवायचं आणि १० च्या वर गेलं की कारण शोधायचं, असा मापदंड वापरतात. पण त्या आकड्यावरून तुमचा हात सुधारत नाही. स्वतःची वही ठेवा. रिपीट झालेल्या प्रत्येक फिल्मला एक ओळ: तपासणी, काय चुकलं, रुग्ण कसा होता (उभा, ट्रॉलीवर, लहान मूल), आणि पुढच्या वेळी काय बदलणार. ‘पोझिशन चुकली’ एवढं लिहून काही उपयोग नाही. कुठल्या दिशेने चुकली ते लिहा.

गुडघ्याचा लॅटरल घ्या. दोन्ही कॉन्डाइल (मांडीच्या हाडाची खालची गोल टोकं) एकमेकांवर बसले नाहीत, तर नवा माणूस अंदाजाने पाय हलवून पुन्हा घेतो, आणि निम्म्या वेळा उलट्या दिशेने हलवतो. मुरलेला माणूस आधी मीडियल (आतल्या बाजूचा) कॉन्डाइल ओळखतो: त्यावर अ‍ॅडक्टर ट्यूबरकलचा छोटा उंचवटा असतो. दुखऱ्या कुशीवर झोपलेल्या रुग्णात हा कॉन्डाइल मागे दिसला तर गुडघा मागे कलंडलाय, म्हणून पटेला (गुडघ्याची वाटी) डिटेक्टरकडे (चित्र टिपणाऱ्या प्लेटकडे) आणायची. पुढे दिसला तर उलट. कॉन्डाइल पुढेमागे नसून वरखाली दिसत असतील तर गुडघा फिरवून काही होणार नाही. ट्यूबला डोक्याकडे ५ ते ७ अंश कोन दिलाय का, ते बघा. वहीत अशा वीस ओळी झाल्या की हाताला दिशा कळू लागते.

छातीचंही तसंच. क्लॅव्हिकलची (गळ्याजवळच्या आडव्या हाडांची) आतली टोकं स्पायनस प्रोसेसपासून (मणक्याच्या मागच्या टोकापासून) सारख्या अंतरावर, मागच्या ९-१० बरगड्या दिसतात, स्कॅप्युला (खांद्याची पाती) फुप्फुसांबाहेर. हे तिन्ही रुग्ण खोलीबाहेर जाण्याआधी तपासायचे. पोर्टेबल छातीत एक बाजू पांढुरकी आली तर लगेच पाणी समजू नका. ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) तिरकी लागली तरी असंच दिसतं, पण तेव्हा छातीबाहेरचा, खांद्याजवळचा मऊ भागही त्याच बाजूला पांढरा असतो.

नेहमीचा व्ह्यू जमत नाही तेव्हा

अनुभव खरा कामाला येतो तो इथे. ट्रॉमात रुग्णाला व्ह्यूप्रमाणे वळवायचं नसतं, ट्यूब आणि डिटेक्टर वळवायचे. मांडीचं हाड मोडल्याचा संशय असेल, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, तर एपी हिपसाठी पाय आत फिरवू नका, फ्रॉग-लेग (गुडघा वाकवून मांडी बाहेर पाडणं) तर नाहीच. लॅटरल आडव्या किरणाने घ्या. मानेच्या लॅटरलला सी७-टी१ चा (मानेचा शेवटचा आणि पाठीचा पहिला मणका यांचा) सांधा दिसला नाही तर ती फिल्म पूर्ण नाही. खांदे खाली घेता येत नसतील तर स्विमर्स व्ह्यू (एक हात डोक्यावर, दुसरा खाली), किंवा सीटीबद्दल डॉक्टरांशी बोलणं.

ट्यूब आणि डिटेक्टरमधलं अंतर बदललं की हिशेब तोंडपाठ हवा. १०० सेंमीवर ५ एमएएस लागत असेल तर १२० वर १.४४ पट, म्हणजे ७.२. रुग्णाला श्वास धरता येत नसेल तर केव्ही (ट्यूबचा व्होल्टेज, म्हणजे किरणांचा जोर) १५ टक्के वाढवून एमएएस निम्मा करा: ७० चे ८० होतात आणि वेळ अर्धा लागतो. कॉन्ट्रास्ट थोडा जातो, पण हललेल्या फिल्मपेक्षा ते परवडतं.

चित्र वाचणंही याच कामाचा भाग आहे. निदान लिहिणं रेडिओलॉजिस्टचं, पण दिसलेलं वेळेवर सांगणं आपलं. ९० अंशात वाकवलेल्या कोपराच्या लॅटरलमध्ये मागचा फॅट पॅड (सांध्यालगतची चरबीची गादी) दिसला तर फ्रॅक्चरची रेघ दिसत नसली तरी डॉक्टरांना कळवा. कोपर सरळ असेल तर मात्र तो एरवीही दिसतो, म्हणून आधी पोझिशन बघायची. टेन्शन न्यूमोथोरॅक्ससारखं (छातीत हवा कोंडून फुप्फुस दबणं) काही दिसलं तर फिल्म पाठवून थांबू नका, फोन करा. तुम्हाला जे वाटलं आणि अहवालात जे आलं ते दर आठवड्याला ताडून बघा. डोळा तयार होतो तो असा, नुसत्या हजारो फिल्म काढून नाही.

एका बाबतीत मात्र जुनी माणसंच जास्त घसरतात: ओळख पटवणं. ‘तुम्हीच अमुक ना?’ असं विचारलं की घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा रुग्ण मान हलवून मोकळा होतो. ‘तुमचं नाव सांगा, जन्मतारीख सांगा, कुठे दुखतंय ते हाताने दाखवा’ असंच विचारायचं, विसाव्या वर्षीही. बाजूचा लेड मार्कर एक्सपोजरआधी किरणांच्या चौकटीत ठेवा. नंतर कॉम्प्युटरवर टाकलेला ‘आर’ (उजवी बाजू) आठवणीच्या भरवशावर असतो.

शिकाऊ मुलं हाताखाली आली की मनातला विचार मोठ्याने बोला: कोन का दिला, केव्ही का वाढवला. सांगताना कारण सुचलं नाही तर ती तुमची सवय आहे, पुस्तक उघडून बघा. आणि टेक्निक चार्टवर तारीख घाला. डिटेक्टर बदलला की जुना चार्ट भिंतीवरून काढून टाका, नाहीतर पुढची दोन वर्षं सगळे त्याच आकड्यांवर काम करत राहतात.