मिश्र भाषा ओळखताना या चुका टाळा

मिश्र भाषा म्हणजे दोन भाषांचे भाग ठरावीक रीतीने जोडून बनलेली स्वतंत्र भाषा. पण दोन भाषांचे शब्द एकत्र दिसले की ‘ही मिश्र भाषा’ असे म्हणून मोकळे होणे, ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. इंग्रजीत फ्रेंच शब्दांची रेलचेल आहे. तरीही तिची बहुतेक सर्वनामे, साहाय्यक क्रियापदे आणि अगदी रोजचे शब्द जर्मानिक कुळातलेच राहिले, म्हणून ती मिश्र ठरत नाही.

इक्वादोरमधील मेदिया लेंग्वा मात्र ठरते. ‘एक मदत मागायला येत आहे’ हे क्वेचुआ या तिथल्या मूळनिवासी भाषेत ‘शुक फाबुरता मान्याङ्गाबु शामुखुनि’ असे होते आणि मेदिया लेंग्वात ‘उनु फाबुरता पिदिङ्गाबु बिनिखुनि’ असे. प्रत्यय जागचे हललेले नाहीत. ‘एक’, ‘मागणे’, ‘येणे’ हे शब्द तेवढे स्पॅनिश झाले. गंमत म्हणजे पहिल्या, क्वेचुआ वाक्यातला ‘फाबुर’देखील स्पॅनिशच आहे, पण ती साधी उसनवारी.

पिजिन आणि क्रिओल यांना याच रांगेत बसवणे ही दुसरी चूक. समाईक भाषा नसलेल्या लोकांना व्यवहारापुरते बोलता यावे म्हणून पिजिन घडते आणि तिचे व्याकरण सुटसुटीत होते; तीच पुढे कुणाची मातृभाषा झाली की तिला क्रिओल म्हणतात. उलट मिश्र भाषा बहुधा दोन्ही भाषा येणाऱ्या समाजात, स्वतःची वेगळी ओळख जपण्यासाठी घडते. कॅनडातील मेती लोकांच्या मिचिफ भाषेत नामे प्रामुख्याने फ्रेंच आणि क्रियापदे क्री या तिथल्या मूळनिवासी भाषेची आहेत. फ्रेंचचे पुल्लिंग-स्त्रीलिंग आणि क्रीचा सजीव-निर्जीव भेद दोन्ही तिने सांभाळले आहेत. हा सुटसुटीतपणा खासच नव्हे! मात्र हाच साचा सगळीकडे शोधू नये: रशियाच्या मेडनी बेटावरील, आता लोप पावलेल्या मेडनी अल्यूट भाषेत क्रियापदांचे धातू अल्यूट या तिथल्या मूळनिवासी भाषेचे असून त्यांना काळाचे प्रत्यय रशियन लागत.

खरी अडचण येते ती कोड-स्विचिंगपाशी, म्हणजे बोलता बोलता एका भाषेतून दुसरीत जाण्यापाशी, कारण एकेका वाक्यावरून काहीच ठरत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातील गुरिंजी लोक 1970च्या दशकात आपली गुरिंजी भाषा आणि क्रिओल याच नावाची तिथली इंग्रजीवर आधारित भाषा आलटून-पालटून बोलत असत. पुढच्या पिढीत त्याच सरमिसळीची घडी बसून गुरिंजी क्रिओल ही भाषा तयार झाली. म्हणून तेच वाक्य अनेकांकडून वदवून घ्यावे. कोणता भाग कोणत्या भाषेतून घ्यायचा, हे जर प्रत्येकजण प्रसंगानुसार बदलत असेल तर ते कोड-स्विचिंग. सगळ्यांचे जोड एकाच जागी पडत असतील आणि बोलणाऱ्यांना मूळ भाषांपैकी एखादी येतही नसेल, तर ती मिश्र भाषा. मिचिफ बोलणाऱ्या बहुतेकांना ना क्री धड येते, ना फ्रेंच.