स्पॉन्सर मागून मिळत नाही: ठाणे-बेलापूर पट्ट्यात नव्याने नोकरीला लागलेल्या मुलींसाठी

ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये असो, महापे-घणसोलीला असो की ठाण्यात वागळे इस्टेटला, एप्रिल ते मार्च असं वर्ष मोजणाऱ्या कंपन्यांत साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये एक बंद दाराआडची मीटिंग होते. तिला कॅलिब्रेशन म्हणतात. डिलिव्हरी हेड (म्हणजे प्रोजेक्ट पार पाडण्याची जबाबदारी असलेले वरिष्ठ), चार-पाच मॅनेजर आणि एचआरची व्यक्ती एक्सेल शीट उघडून बसतात. समजा प्रमोशनच्या जागा आठ आहेत आणि नावं बावीस. एकेका नावाला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. तुमचं नाव आल्यावर कोणी म्हणतं, 'हो, चांगली आहे, मेहनती आहे,' आणि शीट खाली सरकते. किंवा कोणी म्हणतं, 'हिला टीम लीड करा, काही बिघडलं तर मला विचारा.' असं म्हणणारी व्यक्ती म्हणजे स्पॉन्सर. मेंटर तुम्हाला सल्ला देतो. स्पॉन्सर तुमच्यासाठी स्वतःचं वजन खर्च करतो.

व्यवस्थापनाच्या प्राध्यापक हर्मिनिया इबारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये हाच मुद्दा मांडला होता: बायकांना मेंटर भरपूर मिळतात, स्पॉन्सर मात्र पुरुषांच्या मानाने कमी. मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी आणि लीन इन ही बायकांसाठी काम करणारी संस्था २०१५ पासून दरवर्षी अमेरिकेतल्या कंपन्यांचा जो अहवाल काढतात, त्यातही पहिल्या मॅनेजरपदाच्या पायरीवरच बायका मागे पडताना दिसतात आणि गौरेतर बायका त्याहून जास्त. आपल्याकडे रंगाच्या जागी भाषा, गाव, आडनाव, धर्म आणि इंग्रजीचा लहेजा येतो. आठ मार्चला गुलाबाची फुलं आणि पॅनेल चर्चा ठेवली म्हणून यात काही फरक पडत नाही, हे एचआरलाही ठाऊक असतं.

मुळात होतं असं, की वरिष्ठ माणूस ज्याच्याशी सहज बोलू शकतो त्याच्यासाठी शब्द टाकतो. ही सहजता बऱ्याचदा ऑफिस सुटल्यावर तयार होते: खाली टपरीवर, शनिवारच्या टर्फ क्रिकेटला, शुक्रवारच्या बैठकीत. त्याच वेळी जळगावहून आलेली मुलगी कोपरखैरणेच्या पीजीत परतत असते, मुंब्र्याची ट्रान्सहार्बरने ठाण्याला येऊन गाडी बदलत असते, आणि कोचीहून आलेली 'मराठी-हिंदीत चाललेल्या विनोदावर हसायचं कुठे' या विचारात असते. गुणांची कमतरता कोणातच नसते. त्या फक्त त्या माणसाच्या नजरेत नसतात. म्हणून जी ओळख बाकीच्यांची टपरीवर होते, ती तुम्हाला दहा ते सहाच्या आत, कामातून करून घ्यावी लागते.

माणूस कोणता

सगळ्यात प्रेमळ वरिष्ठ शोधू नका. तीन गोष्टी पाहा. तो किंवा ती त्या बंद खोलीत बसते का? तुमचं काम तिने निदान दोनदा स्वतः पाहिलं आहे का? आणि तुम्ही वर गेलात तर तिचं काही काम हलकं होतं का? तिसरा प्रश्न बहुतेक जणी विचारतच नाहीत, आणि खरी मेख तिथेच असते. स्पॉन्सरशिप हा उपकार नाही. वर्षाला तीन नवे प्रोजेक्ट उभे करायचे असलेल्या डिलिव्हरी हेडला विश्वासाचे लीड हवेच असतात.

खोलीत कोण बसतं हे गुपित नसतं. एचआर बिझनेस पार्टनरला, म्हणजे आपल्या विभागाचं पाहणाऱ्या एचआरच्या व्यक्तीला, सरळ विचारा: 'आमच्या ग्रेडचं प्रमोशन कोणत्या लेव्हलला ठरतं, आणि नावं कोणत्या महिन्यात जातात?' उत्तर मिळतं. साधारणपणे ही माणसं तुमच्या दोन पायऱ्या वर असतात. एक आपल्या व्हर्टिकलमधली (म्हणजे विभागातली) आणि एक बाहेरची, अशा दोन व्यक्ती डोळ्यांपुढे ठेवा.

मराठी साहेब आहेत, आपल्या सातारकडचे आहेत, म्हणजे ते बघतील, या भरवशावर राहू नका. गावाच्या ओळखीने चहा मिळतो. प्रमोशनसाठी त्यांनाही आकडेच दाखवावे लागतात, उलट 'आपल्या माणसाला ओढतात' असा ठपका नको म्हणून काही जण जास्तच सावध राहतात. जाता जाता एक गोष्ट: कॅन्टीनमध्ये आपलं टेबल फक्त मराठीत रंगलं असेल, तर शेजारी बसलेल्या तमिळ मुलीला आपण तेच देत असतो ज्याची वरच्यांबद्दल तक्रार करतो.

कोणतं काम घ्यायचं

नव्या मुलीकडे आपसूक येणारी कामं ठरलेली असतात: मीटिंगचे मिनिट्स, वाढदिवसाचा केक, गणपतीची सजावट, नवीन माणसाला लॅपटॉप मिळवून देणं. वर्षातून एखादं आनंदाने करा. चौथ्यांदा आलं की म्हणा, 'या वेळी रोटेशन करूया, मागचे तीन मी केले.' आवाज न चढवता आणि हसून, पण म्हणाच. ही कामं शीटवर कुठेच उमटत नाहीत.

मागून घ्यायचं काम असं असावं की ते तीन-चार महिन्यांत संपतं, त्याचा आधीचा आणि नंतरचा आकडा सांगता येतो आणि ते वरच्या कोणाची तरी डोकेदुखी असतं. ऑडिटचे रखडलेले मुद्दे, वारंवार येणारं एखादं क्लायंट एस्कलेशन (म्हणजे वरपर्यंत गेलेली तक्रार), एका टीमकडून दुसरीकडे काम सोपवण्याचं ट्रान्झिशन. कोणाला नको असलेलं कामही चालेल, फक्त ते मोजता आलं पाहिजे.

कळवायचं कसं

आपल्याकडे घरी शिकवलेलं असतं की स्वतःची टिमकी वाजवू नये, काम बोलेल. ऑफिसात काम बोलत नाही, मेल बोलते. बहुतेकींची मेल अशी जाते: 'रिकन्सिलिएशनचं काम व्यवस्थित सुरू आहे. टीमने खूप मेहनत घेतली. काही अडचण आल्यास कळवते.' यातलं एकही वाक्य मार्चच्या खोलीत उचलून वापरता येत नाही. तीच मेल अशी लिहून पाहा: 'यूके क्लायंटची न जुळलेली इनव्हॉइस ऑगस्टअखेर ३१० होती, ऑक्टोबरअखेर ४० उरली. दोन व्हेंडर जुने कोड वापरत होते. तिथे तपासणीची एक पायरी मी घातली, चाचणी टीमने केली. उरलेल्यांपैकी १२ साठी क्लायंटच्या टॅक्स टीमची मंजुरी हवी. तुम्ही त्यांना एक ओळ लिहिलीत तर या आठवड्यात सुटतील.'

यात आकडा आहे, कारण आहे, 'मी' जिथे हवा तिथे एकदाच आहे, आणि शेवटी एक छोटी मदत मागितली आहे. ही मदत महत्त्वाची. ज्या कामात वरिष्ठाने स्वतः एक ओळ लिहिली, ते काम त्याच्या लक्षात राहतं. अशी मेल पंधरा दिवसांतून एकदा, सहा ओळींच्या आत आणि आपल्या मॅनेजरला सीसीत ठेवून. मॅनेजरला वळसा घालून वर गेलात तर तो त्याच खोलीत बसून एका वाक्यात तुमचं नाव खाली आणू शकतो. त्याला आधी दाखवा, मग पाठवा.

मीटिंगमध्ये इंग्रजीचा धाक वाटत असेल तर पहिली दोन वाक्यं लिहून न्या आणि पहिल्या दहा मिनिटांत बोला. वेळ जातो तशी जीभ जड होते. लहेजा बदलायच्या मागे लागू नका, वेग कमी करा. परदेशी क्लायंट नाव चुकीचं घेत असेल तर पहिल्याच कॉलवर एकदा नीट उच्चारून सांगा. चौथ्या महिन्यात सांगणं दोघांनाही अवघड जातं.

तोंड कधी उघडायचं

'माझे स्पॉन्सर व्हाल का?' असं विचारायचं नसतं. समोरचा गोंधळतो आणि विनयाने टाळतो. दोन-तीन मेल पोचल्या, एखादं काम नजरेत भरलं, की वीस मिनिटांची स्किप लेव्हल मीटिंग, म्हणजे मॅनेजरच्या वरच्या व्यक्तीशी थेट भेट, मागा आणि विचारा: 'पुढच्या सायकलमध्ये लीडच्या जागेसाठी माझं नाव चर्चेला यावं असं मला वाटतं. तुमच्या मते आज काय कमी आहे?' मग गप्प बसा. जे सांगतील ते लिहून घ्या, सहा आठवड्यांत भरून काढा आणि दाखवायला परत जा. हे परत जाणं निम्म्या जणी करत नाहीत. मार्चच्या मीटिंगसाठी ही मागणी नोव्हेंबरपर्यंत झालेली बरी. फेब्रुवारीत गेलात तर यादी बनलेली असते, वर कामापुरता मामा हा शिक्का बसतो.

याच भेटीत समोरच्याच्या मनातले अंदाज खोडून काढा, कारण ते तो तोंडाने विचारणार नाही. 'लग्न ठरलंय, प्रवास करणार नाही', 'घरून परवानगी नसेल', 'उशिरा थांबत नाही'. तुम्हीच सांगा: 'पंधरा दिवस आधी कळलं तर मी प्रवास करू शकते, पासपोर्ट तयार आहे.' जमणार नसेल तर तेही नेमकं सांगा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. बदलापूर किंवा पनवेलला राहणाऱ्या मुलीने रोजच्या कॉलला 'बघते' म्हणण्यापेक्षा 'मंगळवार-गुरुवार नक्की, बाकी दिवशी घरून' असं ठरवून दिलं तर तिच्यावर विसंबता येतं. रमजानमध्ये इफ्तारची वेळ कॅलेंडरवर आधीच अडवून ठेवा, त्याचं स्पष्टीकरण द्यायची गरज नाही.

बिघडतं कुठे

स्पॉन्सर पुरुष असेल तर कुजबुज होते. भेटी दिवसा, काचेच्या केबिनमध्ये, कॅलेंडरवर विषय लिहून ठेवा, आणि आपल्या मॅनेजरला त्या माहीत असू द्या. पण 'करिअरबद्दल बोलू' म्हणून कोणी वारंवार रात्रीच्या जेवणालाच बोलावत असेल, तर तो स्पॉन्सर नव्हे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कोणत्याही ऑफिसात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती असावीच लागते आणि तक्रारीची मुदत साधारण तीन महिने आहे. तारखा आणि मेसेज जपून ठेवा.

वाईट बातमी स्पॉन्सरला दुसऱ्याकडून कळली तर त्याने घातलेला शब्द त्याच्यावरच उलटतो. डेडलाइन चुकणार हे दिसलं की त्याच दिवशी सांगा, सोबत एखादा उपायही न्या.

बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने २६ आठवडे आहे, पण त्या वर्षीच्या रेटिंगचं काय होणार हे कंपनीगणिक बदलतं. जाण्याआधी काम केलेल्या महिन्यांचा आढावा लेखी मागा, आकड्यांसकट. तुम्ही रजेवर असताना कॅलिब्रेशन झालं तर स्पॉन्सरच्या हातात तेवढाच कागद असतो.

आणि स्पॉन्सर नोकरी सोडून जातो. या पट्ट्यात हे इतकं सर्रास होतं की ते धरूनच चाला. राजीनाम्याची बातमी आली की नोटीस पीरियडमध्ये दोन गोष्टी मागून घ्या: त्यांच्या जागी येणाऱ्या व्यक्तीशी तिघांची एक भेट, आणि सिस्टिममध्ये तुमच्या नावापुढे लेखी फीडबॅक. 'करतो' म्हणाले तर सहा ओळींचा मसुदा तुम्हीच पाठवा, शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. लॅपटॉप जमा झाला की लॉगिन बंद होतं.