बायप्लेनचं मॉडेल: वरचा पंख शेवटी
१/७२ स्केलचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) सॉपविथ कॅमल, म्हणजे पहिल्या महायुद्धातलं एकावर एक दोन पंखांचं ब्रिटिश लढाऊ विमान, करताय ना, मग आधी सगळं चिकटवू आणि नंतर रंगवू हा विचार सोडा, दोन पंखांच्या मधे ब्रश जातच नाही. बॉडी आणि दोन्ही पंख सुटे रंगवा, वरून खाकी-हिरवा, खालून कापडाचा फिकट पिवळसर, पातळ दोन-तीन हात, आणि दोन पंखांमधले खांब बसणार तिथला रंग खरवडा, नाहीतर ग्लू प्लॅस्टिकला धरत नाही. पंखांमधे ताणलेल्या तारांची ०.३ मिमी भोकं आत्ताच पाडा. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) ग्लॉस कोटवरच, म्हणजे चकचकीत वार्निशच्या थरावर. मग वरचा पंख टेबलावर उलटा ठेवून खालचा पंख जोडलेलं विमान त्यावर उपडं बसवा, ग्लू ओला असतानाच समोरून बघून सरळ करा.
तारांसाठी स्प्रू (किटचे भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची काडी) मेणबत्तीवर मऊ करून ओढायचा, केसासारखा धागा निघतो, सुपरग्लूचा टिपका सुईने. सैल पडला तर अगरबत्तीचं जळतं टोक जवळ न्या, आपोआप ताणतो, टेकलं मात्र की तुटलाच.