आई-बाबांसाठी डेस्कटॉप जोडताना

मुलगी पुण्यात किंवा बंगळुरात, आई-बाबा चिपळूणला किंवा बार्शीला. कॉम्प्युटर बंद पडला की बघायला येणार तो तालुक्याचा रिपेअरवाला. म्हणून सुटे भाग निवडताना पहिली अट ही, की जो भाग त्याच्या दुकानात आज-उद्या मिळणार नाही तो घ्यायचाच नाही. पुस्तकाएवढं देखणं मिनी-आयटीएक्स (सगळ्यात छोट्या मापाचं) कॅबिनेट, खास आकाराचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), काचेच्या भिंती आणि रंगीत पंखे हे सगळं इथेच गळतं. साधं मायक्रो-एटीएक्स (नेहमीच्या मापाचं) कॅबिनेट, साधा एटीएक्स मापाचा एसएमपीएस, डीडीआर४ (आधीच्या पिढीची) रॅम. वेगाची काळजी करू नका. बँक, लाइट बिल, यूट्यूबवरची कीर्तनं, नातवंडांशी व्हिडिओ कॉल, फोनमधले फोटो आणि सोसायटीचे हिशेब एवढ्याला आजचा सगळ्यात खालचा प्रोसेसरही पुरून उरतो. पैसे घालायचे ते विजेत आणि डोळ्यांत, म्हणजे एसएमपीएस, यूपीएस आणि मॉनिटरमध्ये.

प्रोसेसर इंटेल कोअर आय३-१२१०० घ्या. ४ कोअर, ८ थ्रेड, आत ग्राफिक्स, सोबत पंखा. एएमडीच घ्यायचा असेल तर रायझन ५ ५६००जी. इथे एक सापळा आहे. दुकानदार 'तोच आहे, थोडा स्वस्त पडेल' म्हणत आय३-१२१००एफ पुढे करतो. शेवटी एफ असलेल्या इंटेलमध्ये ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड घातल्याशिवाय स्क्रीनवर काही उमटणार नाही. एएमडीच्या ५००० मालिकेत याच्या उलट, आकड्यापुढे जी अक्षर असेल तरच ग्राफिक्स. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घ्या. सुटा, ट्रेमधला स्वस्त मिळतो, पण वॉरंटीच्या वेळी कंपनी हात वर करू शकते.

मदरबोर्ड इंटेलसाठी एच६१०, एएमडीसाठी ए५२०. एच६१० डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन जातींत येतो; रॅमची खाच वेगवेगळ्या जागी असल्यामुळे एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. बोर्डावर एम.२ स्लॉट (एसएसडी बसते ती खाच) आणि एचडीएमआय आहे ना, बघून घ्या. या किमतीत वायफाय बहुधा नसतं. राउटर शेजारीच असेल तर लॅन वायर टाका, ती कधी पासवर्ड विचारत नाही. नाहीतर यूएसबी वायफाय डोंगल.

रॅम ८ जीबीच्या दोन कांड्या. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, म्हणून एका १६ पेक्षा दोन ८ बऱ्या. पण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकले आणि एसएसडीही मागोमाग चढली, तेव्हा जुन्या व्हिडिओंतले आकडे धरून बजेट मांडू नका. हात आखडत असेल तर आत्ता ८ ची एकच कांडी घाला, दुसरी नंतर. हे काम त्यावर अडत नाही. एसएसडी ५०० जीबीची, एनव्हीएमई (एम.२ स्लॉटात बसणारी वेगवान जात). जुन्या कॉम्प्युटरातली हार्ड डिस्क चालू असेल तर फोटोंच्या बॅकअपसाठी लावा, विंडोज तिच्यावर टाकू नका.

नवं काही नकोच असेल तर कंपन्यांतून बाहेर पडलेले रिफर्बिश्ड (दुरुस्त करून परत विकलेले) डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क किंवा लेनोवोचे थिंकसेंटर हाही चांगला पर्याय आहे. इंटेल आठवी पिढी किंवा पुढची बघा, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्याआधीच्या पिढ्यांना अधिकृतपणे घेत नाही. त्यांतल्या बऱ्याच मशिनांचा एसएमपीएस मात्र कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो. तो गेला की तालुक्यात मिळणार नाही, हे धरून चाला.

वीज

कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस काढून ठेवा. त्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, पण हातात घेतला की पोकळ लागतो. हे मशीन सगळा जोर लावूनही शंभरेक वॅटच खातं, म्हणजे प्रश्न वॅटचा नाही. कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजला तो किती दिवस तोंड देतो आणि जाताना मदरबोर्डाला सोबत नेतो का, हे महत्त्वाचं. ४५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का), निदान ३ वर्षं वॉरंटीचा घ्या आणि लेबलवरची इनपुटची ओळ वाचा. काहींवर '२००-२४०' असतं, काहींवर '१००-२४०'. गावात संध्याकाळी पंपांच्या वेळेला व्होल्टेज खाली येत असेल तर दुसराच हवा.

यूपीएस ६०० व्हीएचा. आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते. कॉम्प्युटर, मॉनिटर आणि राउटर पंधरा मिनिटं तरी चालतात. काम सेव्ह करून बंद करायला तेवढं बास. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावू नका, गरम होताना तो एकदम करंट ओढतो आणि यूपीएस ट्रिप होतो. स्वस्त यूपीएसची लहर शुद्ध साइन नसते आणि काही एसएमपीएसना ती मानवत नाही. लाइट गेली की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. म्हणून सगळं जोडून झाल्यावर व्हिडिओ चालू ठेवून भिंतीवरचा खटका दोन-चार वेळा बंद करून बघा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यामागचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडवर तो बदलायला जास्त वेळ घेतो.

आता अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही जुन्या घरांतली नेहमीची तक्रार. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही पत्र्याला जोडतात. अर्थिंग धड असेल तर ती गळती जमिनीत जाते, नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, पण मॉनिटर किंवा प्रिंटरची वायर लावताना एचडीएमआय, यूएसबीचे पोर्ट यानेच जळतात. वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. फेज ते अर्थ २३०च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत दिसायला हवं. तिसरी पिन कापलेला किंवा दोन पिनांत बदलणारा प्लग घरात असेल तर फेकून द्या.

स्क्रीन आणि बसणं

मॉनिटर २४ इंची, १९२० बाय १०८०, आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारा पॅनल), आणि शक्यतो चकाकी नसलेला. विंडोजमध्ये स्केल १२५ टक्के ठेवा. ॲक्सेसिबिलिटीत अक्षरांचा आकार वेगळा वाढवता येतो, आणि माउसचा बाण मोठा व काळा-पिवळा करता येतो.

मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, हा ऑफिसातला नियम इथे चालत नाही. आई-बाबांचा चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर जवळचं वाचायची काच खाली असते. स्क्रीन उंच ठेवला की ते हनुवटी वर करून बघतात, आणि आठवड्याभरात मान धरल्याची तक्रार येते. मॉनिटर स्टँडवर सगळ्यात खाली आणा, किंचित मागे झुकवा आणि हातभर अंतरावर ठेवा. चष्मा लावून त्यांना स्वतः वाचायला सांगून जागा ठरवा. खिडकी पाठीशी नको.

डेस्कटॉपला माइक नसतो आणि स्पीकर असलेच तर मॉनिटरमधले मुळमुळीत. हे खरेदीच्या वेळी हमखास विसरतं. आत माइक असलेला यूएसबी वेबकॅम आणि यूएसबीवर चालणारे दोन छोटे स्पीकर घ्या. कीबोर्ड-माउस वायरचेच, म्हणजे 'माउस चालत नाही' याचा अर्थ सेल संपला असा निघत नाही.

जोडणी

स्टार स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, आणि स्क्रू ठेवायला वाटी. मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावत जा, अंगावरची स्टॅटिक उतरते.

बोर्ड खोक्यावर ठेवून प्रोसेसर आधी बाहेरच बसवा. इंटेलमध्ये पिना सॉकेटात असतात. कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून प्रोसेसर नुसता सोडायचा, दाबायचा नाही. दांडी खाली घेताना काळं प्लॅस्टिकचं झाकण आपोआप उडतं. ते जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड पाठवताना लागतं. दांडीला बराच जोर लागतो आणि कुरकुर होते, घाबरू नका. पंख्याची पेस्ट आधीच लावलेली असते, वेगळी नको. चार पायांपैकी समोरासमोरचे तिरके दोन आधी 'टक' होईपर्यंत दाबा, मग उरलेले. त्यानंतर बोर्ड उलटा करून चारही काळ्या खिळ्या पलीकडे नीट फुललेल्या दिसतात का बघा. 'कॉम्प्युटर तापून बंद होतो' म्हणून येणाऱ्या नव्या मशिनांत निघालेला एक पाय हेच कारण पहिलं बघावं. एएमडीच्या पंख्याला चार स्क्रू असतात. बोर्डावरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात, आणि त्या काढताना मागची लोखंडी पट्टी खाली पडते, ती धरून ठेवा.

रॅम दोन्ही बाजूंनी खटका वाजेपर्यंत दाबा. एसएसडी तिरकी घालून खाली दाबायची आणि स्क्रू लावायचा. तो बारीक स्क्रू बोर्डाच्या खोक्यात पुडीत असतो, खोकं फेकण्याआधी बघा. याच टप्प्यावर एसएमपीएस, मॉनिटर आणि कॅबिनेटच्या पॉवर बटणाची वायर तात्पुरती जोडून एकदा चालू करा. स्क्रीन आला तर निम्मं काम झालं. नाही आला तर अजून काही उचकटायचं नाही, ही सोय. मॉनिटरची वायर लावली का, २४ पिनांच्या मुख्य वायरीबरोबर प्रोसेसरची ८ पिनांची वायरही लावली का, रॅम काढून एकच कांडी दुसऱ्या स्लॉटात घातली का, या क्रमाने बघा. डीडीआर५ बोर्ड पहिल्यांदा दोन-तीन मिनिटं काळाच राहू शकतो, थांबा.

कॅबिनेटमध्ये आधी मागची चौकोनी पत्र्याची पट्टी बसवा, मग बोर्ड. बोर्ड ज्यांवर टेकतो त्या पितळी खुंट्या फक्त बोर्डाच्या भोकांच्या जागीच असाव्यात. जास्तीची एक राहिली तर बोर्ड शॉर्ट होतो. सगळ्यात किचकट म्हणजे पुढच्या बटणाच्या वायरी. बोर्डाच्या कोपऱ्यात नऊ पिनांचा एक गठ्ठा असतो आणि शेंगदाण्याएवढे चार-पाच कनेक्टर. पुस्तिकेतलं चित्र समोर ठेवा. पॉवर आणि रीसेट कशाही दिशेने चालतात, दिव्यांनाच अधिक-उणे असतं. यूएसबी ३ ची जाड निळी वायर शेवटी आणि सरळ घाला, तिच्या पिना चटकन वाकतात. मागच्या रिकाम्या पट्ट्या उघड्या ठेवू नका. उबेला पाली आणि झुरळं आत शिरतात.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) तीनच गोष्टी: एक्सएमपी, म्हणजे रॅमचा पूर्ण वेग, चालू; टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, चालू (इंटेलमध्ये पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम); आणि लाइट परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होणं बंद.

विंडोज आणि पुढचं

८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या टूलने विंडोज ११ घ्या. बोर्डाचा लॅन ड्रायव्हर त्यातच कॉपी करा, कारण इन्स्टॉल होताना बऱ्याचदा नेटवर्कच दिसत नाही आणि काम तिथेच अडतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हल्ली डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊ शकतं. त्याची रिकव्हरी की (कुलूप उघडायचा लांबलचक आकडा) कागदावर उतरवा, नाहीतर बोर्ड बदलल्यावर फोटो अडकू शकतात. लायसन्सचा खर्च नको असेल तर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स मिंट या कामाला उत्तम. बाबा डिजिटल स्वाक्षरीचं टोकन वापरत असतील तर मात्र विंडोजच ठेवा.

रोजचं खातं स्टँडर्ड ठेवा, ॲडमिनचा पासवर्ड वेगळा. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घेऊन 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड जोडा. विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलते, रोमन अक्षरांत टाइप केलं की देवनागरी उमटतं. ब्राउझरमध्ये साइटच्या नोटिफिकेशन सरसकट बंद करा आणि जाहिराती अडवणारं युब्लॉक घाला. 'तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय' हे खोटे इशारे बहुतेक याच दोन दारांनी येतात. पूर्ण स्क्रीन अडकला तर एस्केप धरून ठेवायचं, नाहीच हललं तर आल्ट आणि एफ४.

दुरून मदतीसाठी विंडोजमधलंच क्विक असिस्ट (त्यांचा स्क्रीन तुमच्याकडे दाखवणारं ॲप) पुरतं, कोड दर वेळी नवा लागतो. ॲडमिन पासवर्डची खिडकी उघडली की तुम्हाला तिकडे काळं दिसतं, पासवर्ड त्यांनाच टाकावा लागतो. म्हणून मोठी इन्स्टॉलेशनं घरी असतानाच उरका. कायम चालू राहणारं रिमोट ॲप ठेवू नका. कुणीही, बँकेचा असो वा पोलिसांचा, फोनवर असं काही उघडायला सांगितलं तर फोन ठेवायचा. सायबर फसवणुकीचा नंबर १९३०, मॉनिटरच्या कडेला चिकटवा.

प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना चिकटपट्टीने नंबर द्या आणि मागच्या बाजूचा फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा. 'एचडीएमआय काढून लाव' यापेक्षा 'तीन नंबरची वायर काढून परत घाल' हे फोनवर कितीतरी लवकर होतं. जीएसटीच्या बिलाचा आणि खोक्यांवरच्या सीरियल नंबरांचा फोटोही तिथेच. पावसात ढग गडगडायला लागले की प्लगबरोबर राउटरकडून येणारी लॅन वायरही काढायची. वीज त्या वाटेनेही बोर्डात शिरते. यूपीएसच्या बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा, दोन-तीन वर्षांत ती बदलावीच लागते.