जाळीचे लेझर झाल्यावर डोळ्याचा दाब: त्या दिवसाचे नियोजन कसे करावे

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कृत्रिम भिंगामागचे आवरण धुरकट होते, त्याला आपल्याकडे ‘जाळी आली’ म्हणतात. याग लेझरने त्या आवरणात मधोमध छिद्र केले की दृष्टी पुन्हा स्वच्छ होते. काम काही मिनिटांचे, शिवाय टाका नाही, त्यामुळे रुग्ण लगेच घरची वाट धरतो. मात्र डोळ्याचा दाब वाढायचा असेल तर तो बहुधा पहिल्या चार तासांतच वाढतो आणि तोवर किनवटचा रुग्ण नांदेडहून परतीच्या एसटीत बसलेला असतो. म्हणून शेवटची गाडी किती वाजता आहे यापेक्षा दाब पुन्हा केव्हा तपासणार, हे आधी विचारावे.

आवरणाचे सूक्ष्म कण डोळ्यातील द्रवाच्या निचऱ्याच्या मार्गात अडकतात आणि द्रव तुंबून दाब चढतो. सर्वसाधारण दाब 10 ते 21 मिलिमीटर पारा इतका मानला जातो. बहुतेकांमध्ये ही वाढ किरकोळ असते व एका दिवसात ओसरते. पण काचबिंदूने आधीच थकलेल्या दृष्टीच्या नसेला थोडी वाढही सोसत नाही. ज्यांचा दाब मुळातच जास्त आहे किंवा ज्यांना लेझरची ऊर्जा अधिक द्यावी लागली, त्यांनाही जपावे लागते.

जाताना जुना केसपेपर आणि चालू असलेल्या थेंबांच्या बाटल्या पिशवीत टाकाव्यात. ‘आज लेझर आहे’ म्हणून काचबिंदूचे थेंब आपल्या मनाने बंद ठेवू नयेत. दमा, हृदयाचे मंद ठोके, मूत्रपिंडाचा विकार किंवा सल्फा औषधाची ॲलर्जी असल्यास ते न विचारताही सांगावे, कारण दाब उतरवण्यासाठी वापरले जाणारे टिमोलॉलचे थेंब दम्याच्या व अशा हृदयविकाराच्या रुग्णास आणि ॲसिटाझोलामाइडची गोळी मूत्रपिंडाच्या विकारात धोक्याची ठरू शकते. दाब वाढू नये म्हणून लेझरच्या आधी किंवा नंतर ब्रिमोनिडिनसारखे थेंब घातले जातात. ते घातले का, हे विचारण्यात संकोच कसला?

लेझरपूर्वीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आकडे केसपेपरवर लिहून घ्यावेत. काचबिंदूच्या रुग्णाने शक्यतो त्या रात्री शहरातच नातेवाइकांकडे थांबून डॉक्टरांनी सांगितल्यास सकाळी दाब पुन्हा मोजून घ्यावा. एका मुक्कामाची गैरसोय पत्करलेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहुली मोठी केलेली असल्याने दुचाकी स्वतः चालवत जाऊ नये.

वाढलेला दाब पुष्कळदा जाणवतच नाही, त्यामुळे ‘दुखत नाही’ यावर विसंबू नये. डोळा ठणकणे, भुवईवर डोके दुखणे, मळमळणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे किंवा नजर पुन्हा धूसर होणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. डोळ्यापुढे काही ठिपके तरंगणे मात्र सुरुवातीला अपेक्षित आहे. ते एकाएकी वाढले, प्रकाशाचे चमकारे दिसू लागले किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटले, तर दाबापेक्षा वेगळी, दृष्टिपटल सुटण्याची शक्यता असते आणि तेव्हाही थांबून चालत नाही.

सूज उतरावी म्हणून काही दिवस स्टेरॉइडचे थेंब दिले असतील, तर ते सांगितलेल्या मुदतीतच वापरावेत. बाटली संपल्यावर गावातल्या मेडिकलमधून तीच पुन्हा आणून थेंब चालू ठेवल्यास काहींचा दाब काही आठवड्यांनी कसलीही चाहूल न देता चढतो.