विद्यापीठाचा कार्बन कमी करायचाय? आधी वीजबिल वाचा

मी पहिल्यांदा एका कॅम्पसच्या कार्बनचा हिशेब काढला, तेव्हा मे महिन्याचं उत्सर्जन उणे आलं. सोलापुरात, मे महिन्यात, पारा ४३ वर आणि प्रशासकीय इमारतीतले सगळे एसी घरघरत असताना. तो आकडा मी तसाच अहवालात दिला. तीन बैठकांत तो वाचला गेला, कोणी हरकत घेतली नाही, उलट टाळ्या पडल्या. चूक कुठे झाली ते पुढे सांगतो, कारण तीच चूक मी नंतर इतर ठिकाणीही पाहिली.

ज्याच्या टेबलावर ‘कार्बन न्यूट्रल कॅम्पस’ नावाची फाईल येऊन पडली आहे, त्याच्यासाठी हे लिहितोय. कुलगुरूंची मंजुरी आहे, समिती नेमली आहे, पहिल्या बैठकीचा चहा झाला आहे, असं धरून चालतो.

पहिलं काम: हद्द आखा

संलग्न महाविद्यालयं आपल्या हिशेबात धरायची नाहीत. सोलापूर विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यापुरतं स्थापन झालं, तरी बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत पसरलेल्या महाविद्यालयांची वीजबिलं गोळा करायला बसलात तर पहिल्या वर्षाचा आकडा निवृत्तीपर्यंत हाती लागणार नाही. जिथलं बिल विद्यापीठ भरतं, तेवढंच घ्या. मात्र भरारी पथकांच्या गाड्या आणि पेपर तपासायला येणाऱ्या प्राध्यापकांचा प्रवास विद्यापीठाच्या खात्यावर लिहा. परीक्षा आपली आहे.

दुसरं काम: वीज मोजा, आणि इथे घाई करू नका

समजा कॅम्पसला वर्षाला ८ लाख युनिट वीज लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रिडच्या, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याच्या, विजेचा उत्सर्जन गुणांक जाहीर करतं. अलीकडच्या वर्षांत तो युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे. म्हणजे झाले ५६० टन. त्याच कॅम्पसचं जनरेटरचं आणि गाड्यांचं डिझेल ५ हजार लिटर धरलं, तर लिटरला साधारण २.७ किलोप्रमाणे साडेतेरा टन. वसतिगृहाच्या मेसचे १९ किलोचे ३०० सिलिंडर धरले, तर सतरा टन. वीज चुकली की सगळंच चुकलं, आणि वीज चुकायला चार जागा आहेत.

पहिली जागा जोडण्यांची. कॅम्पसला एकच उच्चदाब जोडणी आहे असं सगळे सांगतात, आणि ते कधीच खरं नसतं. जुन्या वसतिगृहाची वेगळी जोडणी असते, बोअरच्या पंपाची वेगळी, गेटवरच्या दिव्यांची वेगळी, शिवाय चार वर्षांपूर्वी संपलेल्या बांधकामाची तात्पुरती जोडणी अजून चालूच असते. वित्त व लेखा विभागात जाऊन महावितरणला गेलेल्या वर्षभराच्या रकमा काढा आणि ग्राहक क्रमांक मोजा. वायरमनला विचारून यादी करू नका. त्याला त्याच्या भागातले मीटर माहीत असतात, बाकीचे नाही.

दुसरी जागा गुणकाची. उच्चदाब मीटरवर दिसणारा फरक म्हणजे युनिट नव्हे. त्याला बिलावर छापलेल्या गुणकाने गुणावं लागतं. बिलावर ते आधीच केलेलं असतं. पण स्वतः रीडिंग घ्यायला जाल तेव्हा हे विसराल.

तिसरी जागा मला फार उशिरा कळली. एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांच्या बिलाची आकारणी केव्हीएएच (ग्रिडवर पडलेला एकूण भार) युनिटांवर होते, तर उत्सर्जनाचा गुणांक आहे केडब्ल्यूएचसाठी (प्रत्यक्ष वापरलेली वीज). बिलावर दोन्ही आकडे असतात आणि डोळा नेमका पैशांच्या ओळीतल्या आकड्यावर जातो. पॉवर फॅक्टर, म्हणजे केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच, ०.९ असेल तर या एका चुकीने हिशेब अकरा टक्क्यांनी फुगतो. गंमत पुढे आहे. एका संस्थेने कपॅसिटरचं पॅनेल बसवलं, पॉवर फॅक्टर सुधारला, बिल उतरलं आणि अहवालात लिहिलं गेलं की कार्बन दहा टक्के घटला. पैसे खरोखर वाचले होते. कार्बन जवळपास जागचा हलला नव्हता, कारण पंखे आणि एसी आधीइतकीच वीज खात होते. पॅनेल जरूर बसवा, पण ते या फाईलमध्ये लिहू नका.

चौथी जागा सोलरची, आणि माझा उणे आकडा इथलाच. नेट मीटरच्या बिलावर इम्पोर्ट (ग्रिडमधून आत आलेली वीज), एक्स्पोर्ट (सोलरची उरलेली, ग्रिडला दिलेली वीज) आणि दोहोंचा फरक असे आकडे असतात. सोलरने किती वीज बनवली ते सांगणारा मीटर वेगळा. सोलरची जी वीज कॅम्पसमध्येच वापरली गेली, ती मुळात इम्पोर्टमध्ये आलेलीच नसते. मी शहाणपणा केला: बिलातला निव्वळ आकडा घेतला आणि त्यातून सोलरची निर्मिती पुन्हा वजा केली. एकच वीज दोनदा वजा. मे महिन्यात सुट्टी असल्यामुळे वर्ग बंद, वरून ऊन भरपूर, त्यामुळे निर्मिती निव्वळ युनिटांपेक्षा जास्त, आणि कॅम्पस कागदावर हवा शुद्ध करू लागला. नियम एवढाच ठेवा: ग्रिडमधून आत आलेली सगळी युनिटं, म्हणजे इम्पोर्ट, मोजा. एक्स्पोर्ट वेगळ्या ओळीत दाखवा, वजा करू नका. कोणी म्हणेल की यात आपलं नुकसान आहे. असू दे.

डिझेलचा हिशेब खरेदीच्या पावत्यांवरून करा, लॉगबुकवरून नाही. गॅस सिलिंडरच्या संख्येवरून. एवढं पुरे.

एसीत भरलेला वायू मात्र विसरू नका, कारण तो ‘एसी सर्व्हिसिंग’ नावाच्या पावतीत दडलेला असतो. जुन्या एसीतला आर-२२ एक किलो गळाला, तर तो जवळपास १.८ टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. आर-४१०ए दोन टनांच्या आसपास. नव्या एसीतला आर-३२ पाऊण टनाच्याही आत. मेकॅनिकला प्रत्येक पावतीवर कोणता वायू आणि किती किलो भरला ते लिहायला लावा, नाहीतर बिल पास करू नका.

पायाभूत वर्ष म्हणून २०२०-२१ घेऊ नका. कॅम्पस बंद होता. त्या वर्षाशी तुलना केली तर पुढची सगळी वर्षं वाढच दिसेल. उलट मुद्दाम फुगलेलं वर्ष निवडणारेही भेटतात. त्यांना काय सांगणार?

तिसरं काम: रविवारी रात्री मीटरपाशी उभे राहा

सल्लागार हे सांगत नाहीत, कारण त्यांना रविवारी रात्री यायचं नसतं. कॅम्पस रिकामा असताना रात्री दहाला रीडिंग घ्या, सोमवारी पहाटे पाचला पुन्हा घ्या. एका ठिकाणी मला फरक दिसला २.१. गुणक १००. सात तासांत २१० युनिट, म्हणजे माणूस नसलेल्या आवारात सतत ३० किलोवॉट चालू. वर्षात कॅम्पस बंद असण्याचे तास सहा हजारांच्या वर जातात. ३० गुणिले ६ हजार, म्हणजे १ लाख ८० हजार युनिट.

आता हे सोलरशेजारी ठेवून बघा. आपल्याकडे १ किलोवॉट सोलर वर्षाला साधारण १४०० ते १५०० युनिट देतं. १०० किलोवॉटचा प्रकल्प, म्हणजे जवळपास १० हजार चौरस फूट गच्ची भरून पॅनेल, दीड लाखाच्या आत-बाहेर. त्या संस्थेने नुकताच तेवढाच प्रकल्प मंजूर केला होता. म्हणजे त्याची अख्खी निर्मिती रात्री कोणी नसताना जाणाऱ्या विजेची भरपाई करण्यात संपणार होती.

सर्व्हर, रस्त्यावरचे दिवे, प्रयोगशाळेचे डीप फ्रीझर यांना वीज लागणारच. बाकीचं शोधायला मी आणि वायरमन मामा टॉर्च घेऊन फिरलो. वॉटर कूलर अकरा, सगळे चालू. एका कार्यालयात रिमोट हरवलेला एसी १८ वर. आणि मागच्या बाजूला बोअरची मोटर. मामा म्हणाले, ‘‘साहेब, ही रात्री लावतो न् सकाळी येऊन बंद करतो. टाकी भरली की पाणी त्या लिंबाकडं जातंय.’’ तो लिंब अख्ख्या कॅम्पसमधला सगळ्यात हिरवा होता. मामांचा दोष नाही. टाकी भरली की मोटर बंद करणारा फ्लोट स्विच मागणारी त्यांची टिपणी दोन वर्षं भांडार विभागात पडून होती.

टायमर, फ्लोट स्विच आणि कूलरचं बटण कोणी बंद करायचं याचा लेखी आदेश. या कामाला समिती लागत नाही.

चौथं काम: आधी पंखे, मग छत, मग सोलर

क्रम उलटा करू नका. गरज कमी व्हायच्या आधी सोलर घेतलं, तर ते उधळपट्टीच्या मापाचं घेतलं जातं.

जुना पंखा ७५ वॉट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. हजार पंखे, दिवसाला आठ तास, वर्षाला २०० दिवस: ७२ हजार युनिट वाचतात, म्हणजे ५० टन. सगळे एकदम बदलायला निधी नसेल तर नुसता खरेदीचा नियम बदला: जळालेल्या पंख्याचं रिवाइंडिंग बंद, त्या जागी बीएलडीसीच. लवकरच निम्मा कॅम्पस आपोआप बदलतो आणि कोणाकडे वेगळा निधी मागावा लागत नाही. ट्यूबलाइटचंही तसंच.

एसी २४ वर. जानेवारी २०२० पासून नव्या रूम एसीचं मूळ सेटिंगच २४ अंशांचं असतं. कोणीतरी ते मुद्दाम खाली आणतं. त्या कोणीतरीची खुर्ची मोठी असते, म्हणून हा आदेश कुलसचिवांच्या सहीने निघायला हवा.

वरच्या मजल्यावर एसी मागणारे अर्ज आले, की आधी स्लॅबला हात लावून बघा. सोलापूरच्या जुन्या घरांवर मातीचं जाड माळवद होतं ते उगाच नव्हतं. आपण त्या जागी उघडं काँक्रीट आणलं आणि आता त्याखाली एसी बसवतोय. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग द्या, मग एप्रिलमध्ये पुन्हा विचारा की एसी हवाय का.

सोलरबद्दल फक्त आपल्या गावच्या गोष्टी सांगतो. एप्रिल-मेमध्ये सर्वांत जास्त वीज मिळेल ही समजूत काढून टाका. पॅनेल तापलं की उत्पादन घटतं. पॅनेलचं तापमान २५ च्या वर गेलं की दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के. हवा ४३ वर असताना पॅनेल ६५ च्या पुढे गेलेलं असतं. धुवायला बोअरचं जड पाणी वापरलंत तर वाळल्यावर पांढरे डाग पडतात आणि फुफाट्यापेक्षा ते काढणं अवघड. पहाटे धुवा, पाणी निपटून काढा, आणि धुणाऱ्याचा पगार पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

पाचवं काम: येणं-जाणं

हा भाग विद्यापीठं वगळतात, कारण इथे आकडा मोठा आणि हातात काही नाही असं वाटतं. हजार विद्यार्थी दुचाकीवर, जाऊन-येऊन २० किलोमीटर, २०० दिवस. किलोमीटरला ५० ग्रॅम धरा, २०० टन होतात. आपलं विद्यापीठ शहराबाहेर, पुणे महामार्गावर केगावला. पोरं मोहोळहून, मंगळवेढ्याहून येतात, काही एसटीने, काही वडापने. सायकल वापरा असा फलक लावून महामार्गावर कोणी सायकल चालवणार नाही, आणि चालवू पण नये. वेळापत्रक हा खरा उपाय आहे. पहिला तास एसटीच्या येण्याला आणि शेवटचा तास तिच्या जाण्याला जुळवला, की गाडी आणण्याचं निम्मं कारण संपतं. तासिका आठवड्यात पाच दिवसांत बसवल्या तर सहाव्या दिवसाचा सगळा प्रवास वाचतो.

झाडांबद्दल

मोठं झाड वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असा ढोबळ अंदाज सांगतात. रोपटं त्याच्या पासंगालाही पुरत नाही. दीड टनाचा एसी आठ तास चालला की दिवसाला सहा-सात किलो होतात. तीन दिवसांचा एसी म्हणजे एका झाडाचं वर्ष. सावलीसाठी, पाखरांसाठी झाडं लावा, हिशेबासाठी लावू नका. ५ जूनला तर नकोच. आपल्याकडे तोवर पाऊस नीट धरलेला नसतो आणि पंधरा दिवसांत नुसती आळी उरतात.

आणि आवारातलं गवताळ रान ‘ओसाड’ म्हणून नांगरू नका. नान्नजचं माळढोकांसाठी राखलेलं रान बघून या. गवताळ माळ हाच या भागाचा निसर्ग आहे, आणि गवताचा कार्बन बराचसा जमिनीखाली मुळांत असतो. त्यात खड्डे खणून ग्लिरिसिडियाची झाडं लावणं हे पर्यावरणाच्या नावाखाली केलेलं खोदकाम आहे.

दरवर्षी एप्रिलमध्ये

मार्चअखेरचं बिल आलं की तोच तक्ता पुन्हा भरा. एकूण टन आणि दर विद्यार्थ्यामागे किलो, दोन्ही लिहा. प्रवेश वाढले की पहिला आकडा रडवतो, घटले की दुसरा. गुणांक ज्या वर्षाचा वापरलात ते वर्ष तक्त्यात टाका, कारण ग्रिड बदलतं. फताटेवाडीच्या एनटीपीसी प्रकल्पात १३२० मेगावॉट कोळशावर बनतात, आणि त्याच ग्रिडमध्ये सोलरही दरवर्षी वाढतंय. ग्रिड स्वच्छ झालं म्हणून आपला आकडा उतरला, तर ते श्रेय आपलं नाही. म्हणून युनिटं वेगळी दाखवा.

तक्ता नॅकच्या (विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाईलमध्ये लावा, पण मूळ वही वायरमनकडे ठेवा. समितीचे अध्यक्ष दर तीन वर्षांनी बदलतात.

रविवारच्या रीडिंगला येताना टॉर्च आणा. मीटर रूममधला दिवा बहुतेक गेलेला असतो.